शाळेजवळच्या ओढ्याचा वर्षभर अभ्यास : सहावी ते दहावीच्या मुलांसोबत कसा करावा

शाळेच्या हरित सेनेची किंवा इको क्लबची जबाबदारी आली की पहिल्यांदा वृक्षारोपण, प्रभातफेरी आणि चित्रकला स्पर्धा डोळ्यांसमोर येतात. त्यात वाईट काही नाही. पण हे सगळं एका दिवसात संपतं, आणि ५ जूनला, पर्यावरण दिनी, तर आपल्याकडच्या शाळा उघडलेल्याच नसतात. पाऊस नीट सुरू होण्याआधी लावलेली रोपं सुट्टीत वाळून जातात आणि मुलांच्या हाती फक्त फोटो राहतो.

त्याऐवजी एकच ओढा घ्या, त्यावरची तीन ठिकाणं ठरवा आणि वर्षातून सहा वेळा तिथे जा. त्याच जागा, तीच वेळ, तीच पद्धत. एकदाच मोजलेला आकडा काही सांगत नाही. तोच आकडा सहा वेळा शेजारीशेजारी लिहिला की सातवीतलं मूलही विचारतं, "जानेवारीत इतका कमी कसा झाला?" हा प्रश्न मुलांकडून येणं हेच या कामाचं खरं फळ आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. ओढा आणि तीन ठिकाणं निवडा

शाळेपासून चालत वीस मिनिटांच्या आत पोचता येईल असाच ओढा, नाला किंवा नदीचा तुकडा घ्या. बस लागली की उपक्रम सहल होतो, आणि सहल वर्षातून एकदाच निघते. दूरच्या सुंदर नदीपेक्षा जवळचा गढूळ नाला बरा.

मुलांना नेण्याआधी तुम्ही स्वतः एकदा पूर्ण काठ चालून या. सोबत गावातला एखादा जाणता शेतकरी, कोळी किंवा गुराखी घ्या. डोह कुठे आहे, कुठे गाळात पाय रुततो, पूर कुठपर्यंत चढतो हे त्यांना ठाऊक असतं, नकाशात ते दिसत नाही. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर गावाचं उपग्रहचित्र मिळतं. त्यावर ओढा कुठून येतो आणि कुठल्या नदीला मिळतो ते आधी पाहून ठेवा.

ठिकाणं अशी निवडा : पहिलं वस्तीच्या वरच्या अंगाला, दुसरं वस्तीजवळ आणि तिसरं वस्ती ओलांडून साधारण अर्धा किलोमीटर खाली. तिन्ही ठिकाणी तळ शक्यतो सारखा हवा, म्हणजे तिन्हीकडे दगडगोटे किंवा तिन्हीकडे वाळू. एका ठिकाणी दगड आणि दुसऱ्या ठिकाणी चिखल असेल तर किड्यांमधला फरक तळामुळे आहे की पाण्यामुळे, हे कधीच सांगता येणार नाही. हा सगळ्यात जास्त होणारा घोटाळा आहे आणि तो वर्षाच्या शेवटी लक्षात येतो.

प्रत्येक ठिकाणाची खूण कायमची हवी. काठावर ठोकलेला खुंटा पहिल्या पुरात वाहून जातो. "उंबराच्या झाडासमोर, पुलाच्या दुसऱ्या खांबापासून खाली १५ पावलं" अशी खूण लिहा आणि फोटो काढून ठेवा.

२. वेळापत्रक पावसाशी जुळवा

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं आणि ओढ्याचंही. पुढचं वेळापत्रक दख्खनच्या पठारावरच्या ओढ्यांना चालतं. कोकणात पावसाचा जोर मोठा असतो, तिथे दुसरी फेरी ऑक्टोबरच्या मध्यावर न्या.

पहिली फेरी जुलैत, फक्त पुलावरून किंवा उंच काठावरून. कुणीही पाण्यात उतरायचं नाही. पाण्याचा रंग, पुलाच्या खांबावर पाणी कुठवर आहे आणि काय वाहून येतंय, एवढंच लिहायचं. दुसरी फेरी सप्टेंबरच्या अखेरीस, पूर ओसरल्यावर. तिसरी दिवाळीच्या सुट्टीनंतर, चौथी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, पाचवी मार्चच्या सुरुवातीला आणि सहावी वार्षिक परीक्षेच्या आधी.

मार्चमध्ये ओढा कोरडा पडलेला असतो म्हणून बहुतेक शाळा फेरी रद्द करतात. असं करू नका. "प्रवाह शून्य" ही नोंदच आहे. ओढा नेमका कोणत्या तारखेला वाहायचा थांबला, ही तर वर्षातली सगळ्यात मोलाची नोंद. त्यासाठी ओढ्याकडून शाळेत येणाऱ्या दोन-तीन मुलांवर रोज बघून सांगायची जबाबदारी टाका. चार-पाच वर्षं ही एकच तारीख लिहिली गेली तरी गावाच्या पाण्याबद्दल ती खूप काही सांगेल.

प्रत्येक फेरी सकाळी त्याच वेळी सुरू करा, उदाहरणार्थ साडेआठला. ही नुसती शिस्तीची गोष्ट नाही. दिवसा ऊन पडलं की पाण्यातलं शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजन सोडतं. त्यामुळे दुपारी ऑक्सिजनही चढतो आणि सामूही (pH, म्हणजे पाणी आम्लधर्मी की आम्लारीधर्मी ते सांगणारा आकडा). एक फेरी सकाळी आणि दुसरी दुपारी केलीत तर जो फरक दिसेल तो महिन्यांमधला नसून घड्याळातला असेल.

गणेश विसर्जन त्याच ओढ्यात होत असेल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अशा दोन जादा नोंदी घेता येतात. त्याही काठावरूनच, दोरी बांधलेल्या बादलीने पाणी काढून.

३. परवानग्या आणि कागद

ही तयारी शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यांतच उरकून घ्या. ऐनवेळी एका सहीसाठी फेरी अडते.

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, सहाही फेऱ्यांच्या अंदाजे तारखांसह. दर वेळी नवा अर्ज करायला लागू नये.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून इतिवृत्तात केलेली नोंद.
- पालकांचं संमतिपत्र. त्यात जागा, निघायची आणि परतायची वेळ, मुलाला पोहता येतं का, दमा, फिट्स किंवा कशाची ॲलर्जी आहे का, आणि सकाळी नक्की उचलला जाईल असा फोन नंबर.
- ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयाला माहितीचं पत्र. पोच घेऊन ठेवा.
- ओढा वनक्षेत्रातून जात असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी.
- वर धरण किंवा बंधारा असेल तर पाटबंधारे शाखेत जाऊन पाणी कधी सोडतात त्याची चौकशी.
- मुलांच्या यादीच्या दोन प्रती, एक शाळेत आणि एक तुमच्या खिशात.

संमतिपत्रावर "शैक्षणिक भेट" एवढंच मोघम लिहू नका. "मूल गुडघ्याइतक्या पाण्यात उतरेल" हे स्पष्ट लिहा. काही पालक नकार देतील. त्या मुलांना काठावरचं काम द्या, कारण नोंदवही, घड्याळ आणि पावसाची नोंद सांभाळणारी मुलं लागतातच.

नववी-दहावीच्या मुलांचं हे काम जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पाला जोडून घ्या. सामू मोजणं नववीच्या आम्ल-आम्लारीच्या पाठाबरोबरच येतं. मुख्याध्यापकांना हे दाखवलंत तर "अभ्यास बुडतो" ही तक्रार मागे पडते.

४. सामान

३० मुलांचे पाच गट धरून :

- अल्कोहोलचा तापमापक (लाल रेषेचा), ३ नग. पाऱ्याचा नेऊ नका, दगडावर फुटला तर पारा ओढ्यात जातो.
- सामू पट्ट्या, एक डबी. ० ते १४ अशा मोठ्या पल्ल्याच्या पट्टीवर बारीक फरक दिसत नाही. ५.५ ते ९ च्या आसपासची मिळाली तर तीच घ्या.
- टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), १ नग. घरच्या फिल्टरचं पाणी तपासणारे वापरतात तो साधा चालतो.
- ३० मीटरची टेप, एक मीटरची लाकडी पट्टी, दोरी, स्टॉपवॉच.
- तीन-चार लिंबं. कशासाठी ते पुढे येईल.
- चहाच्या मोठ्या गाळण्या ५, पांढरे ट्रे ५ (आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यांची झाकणंही चालतात), पांढरे प्लास्टिकचे चमचे, भिंग.
- एक लिटरच्या स्वच्छ बाटल्या ६, बाटलीवर लिहायला न पुसणारं पेन.
- दोरी बांधलेली बादली, जाड रबरी हातमोजे, साबण, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार पेटी.
- २० मीटर जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब.

ग्रामपंचायतीकडे जलजीवन मिशनचा पाणी तपासणी संच बहुधा असतो, आणि तो वापरायला शिकलेल्या महिला व जलसुरक्षक गावातच असतात. त्यांना एका फेरीला बोलवा. मुलं त्यांच्याकडून पटकन शिकतात.

५. पाण्यात उतरण्याआधी

पाणी जास्तीत जास्त गुडघ्यापर्यंत, आणि तेही सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापर्यंत. दर आठ मुलांमागे एक मोठा माणूस. एका वेळी एकच गट पाण्यात, बाकीचे काठावर.

पायात काय असावं यात चूक हमखास होते. चपला वाहून जातात. गमबूट आत पाणी भरलं की जड होतो आणि पडलेल्या मुलाला उठता येत नाही. नाडी बांधलेले जुने कापडी बूट सगळ्यात चांगले. अनवाणी तर मुळीच नाही, तळाशी फुटक्या बाटल्या असतात.

पायावर उघडी जखम, खरचटलेलं किंवा चिखल्या असतील तर ते मूल पाण्यात जाणार नाही. उंदराच्या आणि गुरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच जखमेतून शिरतो. परतल्यावर सगळ्यांनी साबणाने हात-पाय धुवायचे, त्यानंतरच डबा. फेरीनंतर दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला तर "ओढ्यात गेला होता" हे डॉक्टरांना सांगायला पालकांना आठवण द्या.

उतरल्यावर लगेच पाण्याच्या कडेला, पाणी जेमतेम टेकेल असा एक दगड ठेवा आणि एका मुलाला तो दर दहा मिनिटांनी बघायला सांगा. दगड बुडाला, पाणी अचानक गढूळ झालं किंवा काटक्या-पालापाचोळा वाहत येऊ लागला तर त्याच क्षणी सगळे वर. ओढ्याच्या वरच्या अंगाला ढग दाटलेले असतील आणि तुमच्यावर ऊन असेल तरीही पूर येतो.

साप दिसला तर दूर व्हायचं, दगड मारायचा नाही. चावलाच तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काहीही नाही. मुलाला न चालवता १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्यायचं.

६. मोजणी

नेहमी खालच्या ठिकाणापासून सुरुवात करून वर जा. वरून सुरुवात केली तर मुलांनी ढवळलेला गाळ पुढच्या ठिकाणाच्या पाण्यात येतो. एका ठिकाणीही पाण्याचा नमुना सगळ्यात आधी, पाय टाकून ढवळायच्या आत घ्यायचा.

*नमुना.* बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ आधी लिहा, ओल्या बाटलीवर पेन उठत नाही. ओढ्याच्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा आणि ते पाणी खालच्या अंगाला फेका. मग प्रवाहाकडे तोंड करून, मधोमध, वरच्या तवंगाखाली बाटली धरून भरा.

*तापमान.* तापमापक पाण्यात एक मिनिट ठेवून, पाण्यात असतानाच वाचायचा. मुलं तो बाहेर काढून डोळ्यांजवळ नेतात आणि तेवढ्यात पारा नसला तरी रेषा सरकते. हवेचं तापमानही सावलीत घ्या.

*सामू.* डबीवर लिहिलेल्या सेकंदांनंतर लगेच रंग जुळवा. पाच मिनिटांनी वाळलेली पट्टी काहीही सांगते. दोन मुलांनी एकमेकांना न सांगता आकडा लिहायचा आणि मग ताडून बघायचा. काळ्या दगडाच्या प्रदेशातलं पाणी थोडं आम्लारीधर्मी असतं, म्हणून ७.५ ते ८.५ दिसलं तर घाबरून जाऊ नका.

*टीडीएस.* मीटर आधी गोळा केलेल्या पावसाच्या पाण्यात बुडवून बघा, आकडा अगदी लहान यायला हवा. तो मोठा आला तर टोकं स्वच्छ करा. एक गैरसमज मात्र मुलांच्या आणि मोठ्यांच्याही डोक्यातून काढावा लागतो : टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही. हा मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतो. मैलापाण्यातले जंतू त्याला दिसत नाहीत.

*प्रवाह.* मुलांना सगळ्यात जास्त आवडणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं मोजमाप हेच. लिंबं इथे लागतात. जवळजवळ पूर्ण बुडून तरंगणारं लिंबू घ्या (काही लिंबं तळाला जातात, आधी बादलीत टाकून बघा), म्हणजे वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्याने पळतो, शिवाय तो ओढ्यातच राहतो.

सरळ, अडथळा नसलेला १० मीटरचा तुकडा निवडा. लिंबू सुरुवातीच्या रेषेच्या दोन मीटर वर सोडा, म्हणजे रेषेवर येईपर्यंत ते पाण्याच्या वेगाने वाहू लागेल. असं निदान तीनदा करून सरासरी घ्या. समजा २५ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण हा वरच्या थराचा वेग आहे, तळाजवळ पाणी दगडांना घासत सावकाश जातं. म्हणून ०.८ ने गुणायचं : ०.३२ मीटर.

आता आडवा छेद. ओढा ३ मीटर रुंद असेल तर दोरी ताणून दर ५० सेंटिमीटरवर खोली मोजा. समजा मधली पाच मापं १५, २५, ३०, २८ आणि २२ सेंटिमीटर आली. बेरीज १२०. इथे मुलं ५ ने भागून सरासरी २४ काढतात, आणि ते चूक आहे, कारण दोन्ही काठांशी खोली शून्य आहे आणि पाच मापांनी रुंदीचे सहा भाग झालेत. ६ ने भागा, सरासरी २० सेंटिमीटर. छेद ३ × ०.२० म्हणजे ०.६ चौरस मीटर. त्याला ०.३२ ने गुणलं की ०.१९२ घनमीटर, म्हणजे सेकंदाला १९२ लिटर. ५ ने भागलं असतं तर हाच आकडा २३० आला असता. हा हिशोब आधी फळ्यावर करून दाखवा, ओढ्याकाठी समजावायला वेळ मिळत नाही.

*ऑक्सिजन.* हा प्रयोग फक्त नववी-दहावीसाठी, विज्ञान शिक्षक सोबत असतील तरच. ३०० मिलिलिटरची काचेच्या बुचाची बाटली एकही बुडबुडा न राहता भरायची, पिपेटने पाण्याखाली १ मिलि मँगनीज सल्फेट आणि १ मिलि अल्कली-आयोडाइड सोडायचं, बूच लावून पंधराएक वेळा उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढरा. तिन्ही ठिकाणच्या बाटल्या शेजारी ठेवून बघा. वरच्या ठिकाणची गडद तपकिरी, वस्तीखालची फिकट. आकडा निघण्याआधीच मुलांना जे कळायचं ते कळतं.

पुढचं काम प्रयोगशाळेत, त्याच दिवशी, तोवर बाटल्या अंधारात ठेवून. तीव्र सल्फ्युरिक आम्ल शिक्षकांनीच घालायचं, मुलांच्या हातात द्यायचं नाही. आम्ल घातल्यावर साका विरघळून पिवळं झालेलं पाणी २०० मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने, शेवटी स्टार्च घालून, निळा रंग जाईपर्यंत अनुमापन करा. जितके मिलिलिटर लागले, जवळपास तितके मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरमध्ये. २५ अंशाला समुद्रसपाटीशी पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, पठारावर थोडा कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात उघड्यावर आंघोळीच्या पाण्यासाठी किमान ५ आणि मासे-वन्यजीवांसाठी किमान ४ धरतात. उरलेली रसायनं शाळेत परत आणा, ओढ्यात ओतू नका.

हायड्रोजन सल्फाइडची जंतू तपासणारी बाटली मात्र ओढ्यासाठी वापरू नका. गुरं उतरतात त्या पाण्यात ती जवळजवळ नेहमीच काळी पडते आणि त्यातून नवीन काही कळत नाही. ती शाळेच्या टाकीसाठी आणि गावच्या विहिरीसाठी ठेवा. तिथे काळी पडली तर त्याच दिवशी जलसुरक्षकांना सांगायचं. वापरलेली बाटली मुलांनी उघडायची नाही.

७. पाण्यातले किडे

रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी दाखवते. रात्री सोडलेलं घाण पाणी सकाळी साडेआठपर्यंत निघून गेलेलं असतं. पण तळच्या दगडाला चिकटलेला किडा गेले कित्येक आठवडे तिथेच आहे. तो जगला की मेला, हीच मागच्या महिन्यांची नोंद.

एक मूल गाळणी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून तळाशी टेकवून धरतं, दुसरं तिच्या वरच्या अंगाला पायाने दगड हलवतं, तीन मिनिटं घड्याळ लावून. दर वेळी तीनच मिनिटं, नाहीतर फेऱ्यांची तुलना होत नाही. गाळणी पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात उलटी करा आणि दोन मिनिटं ट्रे अजिबात हलवू नका. सुरुवातीला नुसता काडीकचरा दिसतो. मग एक काडी चालू लागते.

नीट बघितलं तर कळतं की ती वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेली नळी आहे, आणि पुढच्या टोकातून सहा बारीक पाय बाहेर आलेत. ती कॅडिसफ्लाय नावाच्या किड्याची अळी, घर अंगावर घेऊन फिरणारी. मुलांनी हे एकदा बघितलं की त्यांना ट्रेवरून उठवणं कठीण जातं. त्यासाठी वेळ राखून ठेवा.

ओळखायला एवढं पुरे. शेपटीला तीन लांब धागे आणि पोटाच्या बाजूंना हलणारे कल्ले : मेफ्लायचं पिल्लू. दोनच धागे आणि चपटं अंग : स्टोनफ्लाय. शेपटीशी पानासारखे तीन कल्ले : टाचणी (चतुरासारखा पण बारीक अंगाचा किडा). जाडजूड, शेपटीला धागे नसलेलं, तोंडाखाली दुमडलेला जबडा : चतुर. लालभडक वळवळणारी अळी ही कायरोनोमस नावाच्या माशीची. रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे ती ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तग धरते. लांब शेपटीची, उंदरासारखी दिसणारी अळी त्या शेपटीने वरून श्वास घेते, म्हणजे तिला पाण्यात ऑक्सिजन नसला तरी चालतं.

स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय आणि निरनिराळे मेफ्लाय एकत्र असतील तर पाणी चांगलं. चतुर, टाचणी, खेकडे, झिंगे हे मधले. फक्त लाल अळ्या आणि उंदीरशेपट्या उरल्या असतील तर पाण्यात मैला येतोय. एकाच किड्यावरून निष्कर्ष काढू नका, मेफ्लायच्या काही जाती घाणीतही टिकतात. आणि मोठ्या पुरानंतर दोन-तीन आठवडे थांबा, कारण पुराने किडे वाहून गेलेले असतात आणि स्वच्छ ओढाही रिकामा दिसतो.

मोजून झाल्यावर सगळे किडे आणि उलटवलेले दगड जिथले तिथे. कासव सापडलं तर हात लावायचा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ने बहुतेक कासवांना संरक्षण आहे.

८. शाळेतला पाऊस आणि नोंदवही

ओढ्याचे आकडे पावसाशिवाय कळत नाहीत. सरळ भिंतींच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून तोच उलटा नरसाळं म्हणून बसवा. तळ गोलसर असतो, म्हणून खाली खडे टाकून सरळ भाग सुरू होतो तिथवर पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. बाटली मोकळ्या मैदानात, इमारतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खात्याचा दिवसही तेव्हाच संपतो, त्यामुळे तालुक्याच्या आकड्याशी ताडून पाहता येतं. रविवारी कुणी आलं नाही तर शून्य लिहू नका. सोमवारी "दोन दिवसांचा मिळून" असं लिहा. रिकामी जागा आणि शून्य यांतला फरक मुलांना इथेच शिकवा.

नोंदवही कागदाचीच, जाड पुठ्ठ्याची, आणि लिहायला पेन्सिल. शाई पाण्याने फुटते. चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारून शेजारी नवा लिहायचा. विचित्र आकडा आला की मुलं तो मागच्या फेरीसारखा करून टाकतात, कारण त्यांना वाटतं आपलंच चुकलं. पहिल्याच दिवशी सांगा की वेगळा आकडा आला तर पुन्हा मोजायचं, बदलायचं नाही. मोबाइलवर नोंदवहीच्या पानाचा फोटो त्याच दिवशी काढा. मुलांच्या नावाने ॲपवर खाती उघडू नका, शाळेचं एकच खातं शिक्षकांच्या ताब्यात ठेवा.

९. गावासमोर मांडा

२६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत चार फेऱ्या झालेल्या असतात. दहा मिनिटं मागून घ्या. एक तक्ता, एक आलेख, आणि शक्य असेल तर ट्रेमध्ये जिवंत किडे. मुलांनीच बोलायचं.

इथली एक चूक महागात पडते. "अमक्याच्या गोठ्यामुळे" किंवा "अमुक कारखान्यामुळे" असं मुलांच्या तोंडून कधीही जाऊ देऊ नका. पट्टी आणि गाळणीने तेवढं सिद्ध होत नाही, आणि त्या मुलाला त्याच गावात राहायचं असतं. "ठिकाण एक आणि दोनच्या मध्ये ऑक्सिजन कमी होतो, मध्ये गटाराची चार तोंडं ओढ्याला मिळतात" एवढं सांगितलं की पुरतं, पुढचं लोकांना कळतं. पक्का पुरावा लागलाच तर नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा, तक्रार करायची तर ती मोठ्यांनी, लेखी, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी.

१०. पुढच्या वर्गाकडे सोपवा

दहावीची मुलं जातात आणि पद्धत त्यांच्याबरोबर जाते. म्हणून सहाव्या फेरीला आठवीतली दोन-दोन मुलं प्रत्येक गटात घाला आणि त्या दिवशी मोजणी त्यांनाच करू द्या, दहावीच्यांनी नुसतं शेजारी उभं राहायचं. नोंदवहीची एक झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि एक ग्रामपंचायतीत ठेवा. टीडीएस मीटरमधली बॅटरी काढून ठेवा, सुट्टीत ती फुगते. सामू पट्ट्यांची डबी घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवा, ओल लागलेल्या पट्ट्या जूनमध्ये फेकाव्या लागतात. शेवटच्या पानावर तिन्ही ठिकाणांच्या खुणा पुन्हा एकदा लिहा, आणि त्यांतलं एखादं झाड उन्हाळ्यात तोडलं गेलं असेल तर नवी खूण कोणती, तेही.